वरच्या वाडीचं पाणी

पंधरा वर्षं मी ग्रामपंचायतीचं पाणी सोडतोय. टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे माझ्याकडे किस्से साठलेत. टाकी वर्षातून एकदा धुता येते, किस्से कुठे नेऊन ओतणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

गाव गुहागरच्या अलीकडचं. खाली खाडीकाठी मोहल्ला, मग मधली वाडी, आणि पार वर सड्यावर वरची वाडी. संपलं गाव!

*

आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब कोल्हापूरकडचे. आल्या आल्या नकाशा बघून म्हणाले, "तीनच वाड्या? सर्व्हे जेवायच्या आत उरकतो!"

खाडीवरनं आम्ही चढायला लागलो. वर पोचलो तेव्हा चहाची वेळ झाली होती. जांभ्याच्या पायरीवर भाऊसाहेब मटकन बसले. "दत्ता, नकाशात चढ का दाखवत नाहीत रे?"

म्हटलं, "चढ दाखवला तर बदली घेऊन कोण येईल इथं?"

*

त्याच सर्व्हेत मोहल्ल्यात हसनचाचांकडे गेलो होतो. चाचांची तिन्ही मुलं बायकापोरांसह कुवेतला.

"घरात माणसं किती, चाचा?"

"घरात दोन, मोबाइलात नऊ!"

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "मोबाइलातली लिहायची नसतात."

"का? रोज जेवायला समोर बसतात की!"

चाची आत गेली ती चहा घेऊनच आली. डोळे पुसलेले होते, पण ते आम्ही बघितलं नाही असं दाखवलं.

*

ग्रामसभेला कोरम लागतो. आमच्याकडे तो कधीच होत नाही, मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही. त्यामुळे गाव थेट तहकूब सभेलाच येतं! गाव म्हणजे आठ जण.

एकदा भाऊसाहेब वैतागले. "अहो, पहिल्या सभेला का येत नाही तुम्ही?"

मधल्या वाडीतले अण्णा शांतपणे म्हणाले, "त्या सभेला कोण येतंय, भाऊसाहेब?"

*

भाऊसाहेबांची लोकसंख्या रजिस्टरात, माझी टाकीत. एरवी टाकी भरली की तीन दिवस जाते. गणपतीत सकाळी भरलेली दहा वाजता कोरडी ठणठणीत! सणाला आलेले मुंबईकर गावाच्या ग्रुपवर लिहितात, "पाणीवाले झोपले का?" तोंडाला येईल ते बोलतात.

विसर्जन झालं, गाड्या गेल्या, की टाकी भरून वाहायला लागते. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार एकटं वाटतं. शिव्या घालायला तरी कुणीतरी हवं!

*

वरच्या वाडीत बारा घरं. अकरा बंद. बाराव्यात सुमतीकाकी, सत्तरी ओलांडलेली, एकटी. बंद घरांच्या चाव्या तिच्याचकडे.

यंदा तालुक्याहून निरोप आला, की एका बाईसाठी सड्यावर पाणी चढवणं परवडत नाही. साहेब बघायला येणार, वाडीत वावर दिसला नाही तर पंप बंद. पाणी बंद म्हणजे काकीची मुंबईला लेकाकडे रवानगी.

"पाचव्या मजल्यावर माझं कोण हाय रे?" एवढंच ती म्हणाली.

साहेबांना घेऊन मी दुपारी वर चढलो आणि जागच्या जागी थांबलो. बाराही घरांची दारं सताड उघडी! अंगणं झाडलेली. प्रत्येक दोरीवर ओले कपडे. सदरे, लुगडी, पोरांच्या चड्ड्या, कुणाचा तरी जुना शाळेचा फ्रॉक.

साहेब खूश झाले. "वाडी तर भरलेली आहे! माणसं कुठायत?"

"कामाला गेलीत," काकी म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

"कधी येतील?"

"येतील की."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पंप चालू ठेवा," मला म्हणाले आणि धापा टाकत उतरले.

त्यांना गाडीत बसवून मी परत वर गेलो. इतके कपडे एकट्या काकीने धुतले होते, निदान काढायला तरी हात लावावा. पहिल्या अंगणातला फ्रॉक काढायला गेलो, तर काकी तिच्या पायरीवरून ओरडली.

"ऱ्हाऊंदे रे दत्ता! आजच्या दिवस ऱ्हाऊंदेत सगळी."