खात्री, कात्री आणि ठवकर सर

ठवकर सरांकडे मी पहिल्यांदा गेले ती एक शब्द मागायला. तेव्हा मी क्रियापदं नसलेली कादंबरी लिहीत होते आणि तिच्या शीर्षकासाठी मला कोणालाच न कळणारा शब्द हवा होता. प्रताप नगरात एक रिटायर्ड गणिताचे मास्तर ग्रीक-मराठी कोश करतात, असं कळलं. सरांनी माझी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "वाचणाऱ्यानं पाय कुठं ठेवायचा?" मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि कोशाचं टायपिंग माझ्याकडे आलं.

तो प्रश्न सरांना कुठून सुचला, ते पुढे कळलं. बेबाइओस असा एक जुना ग्रीक शब्द आहे. पक्का, ठाम. सर सांगतात, तो चालण्याच्या क्रियापदाशी जोडलेला. ज्यावर पाय ठेवला तरी खचत नाही, ते बेबाइओस. त्याचं नाम बेबाइओसिस. मी त्यापुढे 'ठामपणा' लिहून मोकळी झाले. सरांनी खोडलं. 'दृढता' लिहिलं, तेही खोडलं. म्हणाले, हा बाजारातलाही शब्द आहे. विकलेल्या वस्तूवर उद्या तिसऱ्याच कोणी हक्क सांगितला, तर विकणाऱ्यानं येऊन घेणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, त्या हमीला हा शब्द वापरत. त्याला मराठी शब्द सर पंधरा दिवस शोधत होते.

सापडला इतवारीच्या बाजारात. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कुकर घ्यायचा होता, म्हणून आम्ही तिघं गेलो होतो. काकू झाकण लावून पाहत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या. शेवटी म्हातारे दुकानदार वैतागले. "घेऊन जा ना बाई. काही निघालं तर मी आहो ना इथं." सर हातगाड्यांच्या गर्दीत मधोमध उभे राहिले. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"लिहून घे पोरी. खात्री. आणि पुढं कंसात, मी आहो ना."

त्या आनंदात कुकर दुकानातच राहिला. काकू ते अजून ऐकवतात.

मग माझा घोळ झाला. रामदासपेठेतल्या हॉलमध्ये पहिल्या खंडाचं प्रकाशन होतं. दोन दिवस आधी छापील गठ्ठा उघडला, तर बेबाइओसिसपुढे 'कात्री'. शेवटचं प्रूफ सरांनी वाचलं होतं आणि त्यात 'खात्री'च होती. नंतर एक ओळ सरकवताना मीच तो शब्द पुन्हा टाइप केला होता. चूक माझीच, असा सरांना मेसेज टाकला आणि फोन बंद केला. इतक्या वर्षांच्या कामावर माझं एक बोट पडलं. आता सर मला दारात उभं करणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

कार्यक्रमाला गेले, पण शेवटच्या रांगेत बसले. सरांचे एक जुने मित्र भाषणात म्हणाले, "ठवकर, हे ग्रीक लोक सौद्याले कात्री घेऊन जात होते काय?" हॉल हसला, सरही हसले. मग पुढून कोणीतरी विचारलं की टायपिंग कोणाकडे होतं. सर उठले.

"शेवटचं प्रूफ मी वाचलं. जे विचारायचं ते मले विचारा. मी आहो ना."

एवढंच बोलून बसले. त्या शब्दाचा अर्थ मला टाइप करून कळला नव्हता, तो तेव्हा कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेले, तर सर प्रत्येक प्रतीत पेनानं 'क'चा 'ख' करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काहून वं, दोन दिवस दिसून नाही राहिली? पेन घे." सगळ्या प्रती दुरुस्त झाल्या. माझ्या प्रतीत मात्र सरांनी कात्री तशीच ठेवली, खाली सही करून. माझ्या कादंबरीत आता क्रियापदं आहेत.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. कोश काप्पा या अक्षराशी आहे; शेवटचं अक्षर ओमेगा अजून बरंच लांब. सरांची तक्रार आहे की मी आजकाल फार हळू टाइप करते. करते खरी. सर, ओमेगापर्यंत तुम्ही ठणठणीत राहायचं, आणि ओमेगा मी लवकर येऊ देणार नाही. याची हमी कोणाची, असं कोणी विचारलं तर सांगा, मी आहो ना.