काळा केलेला कोट

गल्लीत तिला सगळे रंगवाली म्हणत. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. मागच्या खोलीतली एक शेगडी, एक भलंमोठं पातेलं आणि ढवळायला मोडक्या झाडूचा दांडा, एवढ्यावर तिचा धंदा चालायचा. विटलेले पडदे, डाग पडलेले शर्ट, नजरेला नकोशा झालेल्या चादरी लोक आणून टाकत आणि वेगळ्या रंगात घेऊन जात. हातमोजे घालणं तिला कधी जमलं नाही, त्यामुळे आज कुणाचं काय रंगलं ते शेजारणी तिच्या हातांवरून ओळखत. हात हिरवे दिसले की म्हणत, "झाले वाटतं शिंपीणबाईंचे पडदे!"

गिऱ्हाइकांना वाटे, ही जादू करते. एकीने लालभडक झगा आणला आणि आकाशी करून मागितला. "बाई, लाल पोटात ठेवून आकाशी होत नाही," रंगवाली म्हणाली. "जांभळा होईल. चालत असेल तर ठेवा, नाहीतर उचला." बाई फणकाऱ्याने निघून गेली आणि संध्याकाळी मुकाट्याने परत आली. रंगावर रंग चढवला की खालचा जात नाही, नुसता दबतो, हे रंगवाली येईल त्याला समजावून सांगे. आणि तरी त्या थंडीत तिने तो कोट पातेल्यात घातलाच.

कोट तिच्या एकुलत्या एका मुलाचा. छापखान्यात नोकरी लागल्यावर पोराने हौसेने घेतलेला, जाड सुती, पिवळाधमक. त्याचा बाप गावाबाहेरच्या गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. माणूस मोठा थट्टेखोर, जिभेला हाड नसलेला. पोरगा पहिल्यांदा तो कोट घालून बाहेर आला तेव्हा नळावर बायकांची गर्दी होती. बाप ओरडला, "सरका, सरका, रस्ता दुरुस्तीवाले आले! अरे, लाल झेंडा कुठं विसरलास?" सगळे पोट धरून हसले. पोरगाही हसला. दुसऱ्या दिवसापासून कोट खुंटीवर राहिला.

पुढे एका संध्याकाळी बापाचा डबा द्यायला म्हणून पोरगा गोदामाच्या रस्त्याने निघाला. अंगात गडद निळा स्वेटर होता. त्या रस्त्याला दिवे नाहीत. ट्रकवाला सगळ्यांना एकच सांगत राहिला, "दिसलाच नाही हो. खरंच दिसला नाही."

त्यानंतर वॉचमनच्या तोंडाला कुलूप लागलं. बायकोला तो एवढंच म्हणाला, "तो कोट माझ्या डोळ्यांसमोर नको. देऊन टाक कुणाला तरी." ती बरं म्हणाली आणि तिने तो ट्रंकेच्या तळाशी घातला. पोटच्या पोराचा कोट कुणाला देणार? तिच्याच्याने होईना.

थंडी आली तसा वॉचमनचा खोकला बळावला. डॉक्टरांनी बजावलं, छातीला वारा लागू देऊ नका, आता पुन्हा ताप भरला तर माझ्या हातात काही राहणार नाही. त्याच्या स्वतःच्या कोटाची कोपरं केव्हाच गेली होती. नवा घ्यायची ऐपत नव्हती. तिने कुणाकडून तरी जुना मागून आणते म्हटलं, तर म्हणाला, "आहे तो बरा आहे." आपली शाल दिली, तर ती खुर्चीवर ठेवून निघून गेला. तेव्हा तिला उमजलं की हा विसरभोळेपणा नव्हे. थंडी त्याला हवीच होती. पोरगा गेला, आता हाही असा डोळ्यांदेखत जाणार.

दुसऱ्या दिवशी तो झोपल्यावर तिने ट्रंक उघडली. कोट भिजवून पिळला, पातेल्यात मीठ टाकलं, शेगडी पेटवली. पिवळ्यावर थेट काळा टाकला तर हिरवट मारतो, म्हणून आधी लाल दिला, मग काळा. दांड्याने ढवळताना कोटाची बाही वर यायची आणि ती तिला परत खाली दाबायची. नवरा पलीकडे झोपलेला होता, म्हणून ती आवाज न करता रडली.

कोट काळाकुट्ट झाला, पण शिलाई पिवळीच राहिली. दोरा पॉलिस्टरचा, त्याला हा रंग धरत नाही. तिने वरची सगळी शिलाई उसवली आणि काळ्या दोऱ्याने पुन्हा घातली. बटणं बदलली. जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. खिशांच्या आतलं कापडही पॉलिस्टरचं, तेही पिवळंच उरलं होतं. ते मात्र तिने बदललं नाही. आत कोण बघतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेवढं तरी तिला ठेवायचं होतं.

"कुणाचा?" वॉचमनने विचारलं.

"गिऱ्हाइकाचा. रंगवायला टाकला आणि न्यायलाच आला नाही. पडून पडून कसर लागेल."

त्याने कोट चाचपला, घातला आणि गेला. हळूहळू खोकला उतरला. ती पुन्हा दोन घास नीट खाऊ लागली.

मग एका संध्याकाळी, कामावर निघताना, खिशात सांडलेली तंबाखू झटकायला त्याने खिसा उलटा केला. ती शेगडीपाशी होती. बराच वेळ दार वाजलं नाही म्हणून तिने मान वळवली. तो उंबऱ्यात उभा होता, पिवळं कापड चिमटीत धरून.

"देऊन टाक म्हटलं होतं ना तुला?"

"दिला की. तुम्हालाच दिला."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "काळा कशाला केलास गं?"

"पिवळा घातला असतात का, सांगा बरं?"

"नसता घातला." त्याने खिशावरून अंगठा फिरवला. "पण रस्ता तोच आहे. ट्रकही तेच. आणि मी रोज अंधारात काळा कोट घालून जातोय."

रंगांचं एवढं कळणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. त्याची छाती तेवढी तिला दिसली होती, रस्ता दिसला नव्हता. पुढे होऊन ती कोटाला हात घालू लागली. "काढा तो. आत्ताच्या आत्ता काढा."

"राहू दे. ऊब आहे त्याला." त्याने दुसराही खिसा ओढून बाहेर काढला.

"अहो, लोक हसतील."

"हसू देत."

नळावर कुणीतरी हसलंच. "वॉचमन, खिसे उलटे झालेत की हो!"

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि चालत राहिला.

ती दारात उभी राहिली. दिवस मावळला होता. गल्लीच्या टोकाला कोट अंधारात मिसळून गेला, तरी ते दोन पिवळे तुकडे हलताना दिसत होते. मोठ्या रस्त्याच्या वळणावर तेही दिसेनासे झाले. ती आत आली, शेगडी विझवली आणि सकाळ व्हायची वाट बघत बसली.