एका कडीला दोन कुलपं

आमची भातगिरणी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अलीकडे. जागा माझी, यंत्र माझ्या मित्राचं. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही, त्यामुळे भागीदारीचा कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. गिरणी कुणाची असं विचारलं, तर लोक दोघांची नावं एका दमात घेत.

घोळ मी घातला. परवाना नव्याने काढायचा होता. अर्जात मालकाच्या नावासाठी एकच ओळ. मी तिथे ऐटीत माझं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. मनात वाईट काही नव्हतं, असं पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो. खरं सांगायचं तर लिहिताना बरं वाटलं होतं.

त्याने कागद पाहिला. “मालक तू, मग यंत्र काय माझ्या सासऱ्याचं हाय?” एवढंच म्हणाला, आणि गिरणीच्या दारावर माझ्या कुलपाशेजारी त्याच कडीत आपलं कुलूप अडकवून निघून गेला. मीही तापट. म्हटलं, लटकू दे.

दिवाळी झाली, भात घरात आलं. आमच्या गिरणीवर माणसं रांगेत उभी राहत नाहीत. पोतं ठेवून कामाला जातात, नंबर पोतंच धरतं. तशी बंद दारापुढच्या पडवीत पोती येऊन बसू लागली. पोलादपुरात दुसरी गिरणी होती, पण कुणी हलेना. पहिल्या पोत्याच्या म्हातारीने तर मला वाटेतच गाठलं. “मालकीचं काय लोणचं घालायचं ते घाला. माझं पोतं पयलं हाय, तेवढं ध्यानात ठेवा.” लाज वाटली, पण नाक काही खाली येईना.

भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. एका दुपारी कळलं, गुरं गिरणीच्या पडवीत शिरलीत. मी किल्ली घेऊन पळत सुटलो. बघतो तर हा काठी घेऊन पोत्यांपुढे उभा, घामाने निथळत. त्याचं कुलूप उघडून बाजूला ठेवलेलं. कडीत फक्त माझं.

“कधी काढलंस?”

“चार दिस झालं. तुझी वाट बघत व्हतो.”

मी माझंही कुलूप काढलं. दोघांनी मिळून पोती आत ओढली. म्हातारीचं पुढे घेतलं, तो यंत्राला पट्टा चढवायला बसला.

“उद्या महाडला जाऊन अर्ज दोघांच्या नावाने करू,” मी म्हणालो. तो पट्टाच ताणत राहिला. मग मात्र मला राहवेना. “चुकलं रे माझं. गिरणी तुझीपण हाय.”

“ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. “तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं.”