हात माझा, विचारणा नवऱ्याला

कापूस वेचणीच्या दिवसांत माझा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणका होता. मग हात मागे जाईना, वर होईना. वेणी घालायला जावेपुढे बसावं लागे. ती बिचारी हातचं काम सोडून घालून द्यायची. मलाच लाज वाटायची.

सौंसरच्या डॉक्टरांकडे नवऱ्याबरोबर गेले. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "कुठं दुखते बाईंले?"

मी समोर बसलेली. हातही माझाच.

"खांदा म्हणते," नवरा म्हणाला.

"काम काय करतात?"

"काही नाही. घरीच असते."

त्या दिवशी सकाळी मी दोन तास वावरात होते. कमरेला बांधलेल्या ओटीतल्या कापसाच्या ओझ्यानं कंबर अवघडली होती. त्याच्या आधी धुणं, भांडी, भाकरी. तरी मी घरीच! डॉक्टरांनी खांद्याला हात न लावता गोळ्या लिहिल्या. "वयानं होते. आराम करा म्हणावं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी घरीच असते का हो?"

"आता डॉक्टरले काय सारं सांगत बसू? तू उगीच राग धरून राहिली."

धरलाच. गोळ्या संपल्या, पण हात आणखी खाली आला. कान धरता येईना. मग जावेला घेऊन मी बसनं पांढुर्ण्याला गेले. तिथं खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई बसतात. माझ्या मुलीच्या वयाच्या.

त्यांनी पहिलाच प्रश्न मला केला. "काकू, हात कुठवर जातो? दाखवा."

मी हात उचलला. त्यांनी माझ्या पाठीवरच्या त्रिकोणी हाडावर तळवा ठेवला. "बघा, सांधा हलतच नाहीये. हे हाडच हाताला ओढून नेतंय, म्हणून खांदा कानाकडे चढतो." मग प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि तो बसतो ती खोबण बशीसारखी उथळ. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. माझी ती पिशवी आखडली होती.

"शुगर तपासली का कधी?"

"नाही. कोणी म्हटलंच नाही."

"तपासा. शुगर असली की खांदा असा आखडण्याचा धोका जास्त असतो."

तपासली. चांगलीच वाढलेली निघाली. मला रडू नाही आलं, संताप आला. वय म्हणे! रक्ताचा एक थेंब बघायचा होता, तेवढाही कोणाला बघावासा वाटला नाही.

मग शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. नवरा एकदा म्हणाला, "लय त्रास होत असन तर राहू दे."

"राहू देऊन काय करू? घरीच बसू?"

त्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या तेच उचलू लागले.

वर्ष गेलं. हात आता जवळजवळ कानाला टेकतो. मागे अजून पुरता जात नाही.

परवा वावरात शेजारीण डाव्या हातानं पदर सारखा करताना दिसली. उजव्याला काय झालं, विचारलं.

"दुखून राहिला. घरचे म्हणतात, नाटक करून राहिली."

मी ओटी सोडून बांधावर ठेवली. म्हटलं, "उद्या सकाळच्या बसनं चाल माझ्यासंगं."