पेटीचं रबर

आमची मोटारसायकल एका परदेशी माणसाला देऊन नवऱ्याने तिच्या बदल्यात एक पेटी घरी आणली, त्या दिवशी मी शाळेतून नुकतीच परतले होते. अंगणात गाडी दिसली नाही, म्हणून मला वाटलं पंक्चर झाली असेल. नवरा सोप्यावर बसून मांडीवरची पेटी पुसत होता. राखाडी, जड, पुढे गोल काच, मागे दार, दाराला दोन खिट्ट्या, आणि आत कॅमेरा. ही पेटी कॅमेऱ्यासकट पाण्यात बुडवून फोटो काढता येतात, असं त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, मोटारसायकल कुठे आहे? ती हंपीला गेली, म्हणाला.

पेडण्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, कसल्या ना कसल्या दाखल्यासाठी माणसांना फोटो लागत, आणि हा दिवसभर त्यांना हनुवटी वर करा, खाली करा म्हणत बसे. त्याला त्याचा वीट आला होता, हे मला दिसत होतं. हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेले परदेशी त्याच्याकडे रोल घ्यायला येत. त्यातल्याच एकाला पुढच्या प्रवासाला दुचाकी हवी होती. आमचं घर चोपड्याला, नदीकाठी. नवरा त्याच पाण्यात बुड्या मारत वाढलेला. पाण्याखाली काय असतं ते लोकांना दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात भरलं होतं. मला मात्र दुसऱ्या दिवसापासून मांद्र्याच्या शाळेत जायला बसची वाट बघत उभं राहायचं होतं.

पेटीचा सगळा भरवसा एका रबराच्या कडीवर होता. काळी, जाड शेवेएवढी ती कडी दाराच्या कडेने कोरलेल्या खाचेत बसवायची, तिला ग्रीसचं बोट फिरवायचं, मग दार लावून खिट्ट्या ओढायच्या. कडी नीट बसली तर पेटीत थेंब शिरत नाही. तिच्यावर वाळूचा कण राहिला, धागा राहिला, ती कुठे पिळली गेली, तर पाणी आत आलंच. परदेशी माणसाने हे सगळं समजावून सांगितलं असणार. नवऱ्याने त्यातलं किती ऐकलं होतं, ते पहिल्याच रविवारी कळलं.

तो पेटी घेऊन नदीत उतरला आणि लगेच वर आला. काचेच्या आत पाणी डुचमळत होतं. चमचाभरच असेल, आणि त्याने पेटी झटकन उलटी धरली म्हणून कॅमेरा वाचला. घरी येऊन दार उघडलं, तर रबरावर एक लांब केस आडवा पडलेला.

"हो तुझो केस," तो म्हणाला. "माझो इतको लांब खंय आसा?"

"केस कोणाचा का असेना," मी म्हटलं. "पेटी तुम्ही लावलीत ना?"

 तिसऱ्या दिवशी पेटी माझ्यासमोर मेजावर ठेवून म्हणाला की तुझा हात शांत आहे, नजर बारीक आहे, तर हे तूच बघत जा. मला राग यायला हवा होता, आलाही. पण हा माणूस शीळ घालत, ओल्या हातांनी, गुळाच्या पोळीला तूप लावावं तसं रबराला ग्रीस फासताना मी पाहिला होता. पेटी पुन्हा भरली असती तर मोटारसायकलही गेली आणि कॅमेराही गेला. म्हणून मी ते काम घेतलं, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याचं भुसकट झालं.

नदीतून पेटी आली की आधी ती बाल्दीभर विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची, त्या पाण्यातच तिची सगळी बटणं दाबत बसायचं, म्हणजे भरतीला नदीत चढणाऱ्या खाऱ्या पाण्याचं मीठ बटणांतून निघतं. मग तुवालाने टिपायचं. मग कडी काढायची, तीही सुईने किंवा सुरीच्या टोकाने नव्हे, बोटांनी चिमटून. खाच पुसायला असं कापड हवं की ज्याचा धागा सुटत नाही. असं कापड आमच्या घरात नव्हतं. शेवटी माझी एक जुनी नायलॉनची साडी फाडली. कडी दोन बोटांतून डोळे मिटून फिरवायची, कारण बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. मग वाटाण्याएवढं ग्रीस, जास्त नाही. जास्त लावलं की त्याला धूळ चिकटते. आमच्या घरी धुळीची वाण नव्हती. मागच्या बाजूला सासूबाईंचा काथ्या पिंजायचा उद्योग, पुढे वाळत घातलेलं भात, आणि मेजावर चढून बसणारं मांजर. मी जनेलाच्या झडपा लावून, पंखा बंद करून, केस तुवालात गुंडाळून घामाघूम होत बसे, आणि नेमका तेव्हाच नवरा दार ढकलून विचारी, झालं काय?

एकदा सगळं आटपून मी कडी बशीत ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले. परत आले तर कडी चकाकत होती. बोट लावलं, तर खोबरेल तेलाचा वास. सासूबाई शेजारी कदेलाच्या पाठीला टेकून शांत बसल्या होत्या.

"रबर सुकल्यासारखा दिसला," त्या म्हणाल्या, "म्हणान जरा तेल लायलंय."

तेलाने रबर फुगतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी चांगल्या मनाने केलं होतं. कडी साबणाच्या पाण्याने धुतली, पुन्हा सुकवली, पुन्हा बोटांतून फिरवली. त्या दिवशी शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या.

एवढं करून नदीतले फोटो कसे आले म्हणाल, तर गढूळ. कुठे दगड, कुठे नवऱ्याचं स्वतःचंच बोट. तो म्हणे, पुढच्या खेपेला बरे येतील.

अशात माझा भाऊ एक काम घेऊन आला. माझं माहेर डिचोलीकडे, सुर्ल्याला. तिथे खाणीचं खनिज ट्रकांनी धक्क्यावर येतं आणि बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू बोटीत, भरलं जातं. दादा तिथेच खनिजाच्या वाहतुकीत होता. एक बार्ज कुठेतरी खडकाला घासली होती. ती पाण्याबाहेर काढण्याआधी मालकाला खालच्या पत्र्याचे फोटो हवे होते. दादाने माझ्या नवऱ्याचं नाव सांगून टाकलं होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो बघून मला नाही म्हणवलं नाही. पण पेटीबरोबर मीही येणार, असं मी बजावलं.

फेरीबोटीने शिवोली, मग म्हापसा, मग डिचोलीची बस, आणि सगळ्या वाटेवर मांडीवर पेटी. धक्क्यावर पोचलो तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. ट्रक रिकामे होत होते. हवा तांबडी, झाडं तांबडी, कामगारांच्या भुवया तांबड्या. सासूबाईंच्या काथ्याला मी उगाच बोल लावले होते, असं तिथे वाटलं. पेटी मी घरूनच लावून आणली होती, त्यामुळे पहिली बुडी निभावली. पण माझ्या नवऱ्याने खाली जाऊन खटाखट बटण दाबलं आणि रोल संपवून वर आला. दुसरा रोल घालायचा, म्हणजे पेटी उघडायची. ती तिथेच, धक्क्यावर उघडूया म्हणाला.

मी पेटी छातीशी धरली आणि दादाच्या घराची वाट धरली. मागून नवरा ओल्या चड्डीत निथळत येत होता आणि ओहोटी लागली, बार्ज हलवतील, असं बडबडत होता. मी ऐकलं नाही. दादाच्या खोलीत मच्छरदाणी लावलेली होती. तिच्यात शिरून, हात पुसून, मी पेटी उघडली, रोल बदलला, कडी पुसून बसवली आणि आत माझा पांढरा रुमाल घडी करून ठेवला, पाणी शिरलंच तर कळावं म्हणून. मच्छरदाणीबाहेर वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या बुडीनंतर नवरा वर आला तो खूश होता. मागच्या बाजूला पत्रा आत दबला आहे, हाताला चांगलाच लागतो, असं त्याने बार्जच्या सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर कोल्हापूरकडचा, सरळ माणूस. त्याला दादाच्या घरी नेऊन, पुन्हा मच्छरदाणीत शिरून मी त्याच्यासमोर पेटी उघडली. रुमाल कोरडा ठणठणीत होता. मी तो त्याच्या हातात दिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

रोल म्हापशाला धुवायला दिले. फोटो आले ते सगळे विटेच्या रंगाचे. पहिल्यापासून शेवटच्या आधीपर्यंत नुसता तांबडा रंग, कुठे फिका, कुठे दाट. पत्रा नाही, खड्डा नाही, काही नाही. त्या पाण्यात खनिजाची माती इतकी होती की कॅमेऱ्याला हातभर पुढचं दिसलं नाही. ते फोटो घेऊन आम्ही पुन्हा सुर्ल्याला गेलो. सुपरवायझरने ते एकेक करून बघितले.

"ताई, पेटीत पाणी गेलंय," तो म्हणाला.

"रुमाल तुम्ही स्वतः हातात घेतला होता."

"ते खरं. पण फोटो लालच हायेत न्हवं?"

मी त्याला समजावू लागले. रबर, खाच, नदीचं पाणी, सगळं. वर्गात शेवटच्या बाकावरच्याला समजावते तसं समजावलं. त्याने मान डोलावली आणि मग सांगितलं की मालकाने बार्ज केव्हाच दुरुस्तीला पाठवली. तुमच्या यजमानांनी दबलेला पत्रा हाताला लागला म्हणून सांगितलं, तेवढं पुरलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो नदीकडे बघत होता. 

शेवटचा फोटो मात्र निराळा होता. दुसऱ्या बुडीतून वर येताना त्याचं बोट बटणावर पडलं असावं. खाली अर्धा फोटो तांबडं पाणी, वर पांढरं आभाळ, आणि मध्ये धक्क्यावर मी. साडी खोचलेली, डोक्याला तुवाल, अंगभर धूळ, एक हात वर, तोंड उघडं. पेटी दगडाला आपटू नका म्हणून मी त्याच्यावर ओरडत होते. तो फोटो त्याने मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला.

मी त्याला बजावून सांगितलं की हा काढा. शाळेतल्या मुलांचे आईबाप बाजारात येतात, ते मला विचारतात, बाई, तुम्ही कोणावर एवढ्या चिडलात?

"तितल्यांत एकच बरो इलो," तो म्हणाला. "तोच कसो काढूं?"

पुढच्या पावसाळ्यानंतर कडीला चीर गेली. नवी कडी पेडण्यात नाही, म्हापशात नाही, पणजीतही नाही. मुंबईहून मागवली, ती किंचित मोठी निघाली. मी ती हरतऱ्हेने बसवून बघितली, रिकामी पेटी बाल्दीत बुडवली, आणि दाराच्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. नवरा म्हणाला, उन्हात ठेवली तर आखडेल. मी म्हटलं, आता बस. पहिल्यांदाच त्याने माझं मुकाट्याने ऐकलं. कॅमेरा बाहेर काढून लग्नांना नेऊ लागला.

काचेतला फोटो पुढे बरीच वर्षं तिथेच होता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडे, त्याने खालचं तांबडं पाणी विटून पिवळट झालं. मी मात्र त्यात अगदी ठळक ओरडत होते.