वहिनींना फोन लाव

गवत कापल्याचा ओला वास आला की मला सांवेरच्या रस्त्याकडचं ते गोल्फचं मैदान आठवतं. बायकोला जाऊन महिना झाला होता. मी जेवत होतो, झोपत होतो, बँकेत कामावर जात होतो, पण आत काहीच हलत नव्हतं. एका रविवारी सकाळी जुना मित्र गाडी घेऊन दारात आला. "चल भिया, घरात बसून काय करशील?" म्हणाला. नाही म्हणण्याइतकीही ताकद नव्हती, म्हणून गेलो. आम्ही दोघंही हौशी खेळाडू. आमचे बॉल होलपेक्षा झुडपांतच जास्त जायचे आणि त्यावरून बायको आम्हाला मनसोक्त हसायची. त्या दिवशी मात्र मी बऱ्याच लांबून, नीट न बघताच बॉल मारला. तो दवातून रेघ ओढत गेला आणि टपकन होलमध्ये पडला. "अरे गजब! सही में गजब!" मित्र ओरडला, "आधी वहिनींना फोन लाव, नाहीतर त्या मानणारच नाहीत!" आणि तो मटकन गवतावर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. मी वाकून होलमधून बॉल काढला, रुमालानं पुसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ, अजून खेळ बाकी आहे," एवढंच म्हणालो. तो उठला आणि आम्ही खेळलो. आता मला रडू येतं, हसूही येतं. पण त्या सकाळी माझ्या वाट्याचं तो रडला, हे मी त्याला अजून बोललेलो नाही.