पाण्याच्या टाकीमागचा कोळी

संग्रहालयात त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की जळमटबाई. हे नाव कुणी ठेवलं ते बाईंना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. जिने उभा जन्म कोळ्यांच्या तंगड्या न्याहाळण्यात घालवला तिला लोक दुसरं काय म्हणणार? शेजारच्या खोलीत फुलपाखरांवर काम करणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे शाळांच्या सहली येत, वर्तमानपत्रवाले येत, एकदा तर टीव्हीवालेही येऊन गेले. बाईंच्या खोलीत यायचा तो फक्त झाडूवाला, आणि तोही दारातूनच विचारायचा, "मॅडम, आत काही सुटलेलं नाही ना?"

खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. भिंतभर लोखंडी कपाटं, कपाटांत बोटाएवढ्या काचेच्या कुप्या, कुपीत स्पिरिट आणि स्पिरिटात कोळी. सोबत एक बारीक चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटात उतरते. स्पिरिट उडून जातं, म्हणून दरवर्षी एकेक कुपी उघडून पुन्हा भरायची. त्या वासाने बाईंचे कपडे, केस, पर्स सगळं भरलेलं असे. नव्या शेजारणीची तर पक्की खात्री होती की बाई घेतात. बाईंनी तिचा गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला नाही. कोळ्यांपेक्षा दारू समजावून सांगायला सोपी, असं त्या म्हणत.

कामात मात्र बाई मोठ्या खमक्या. कोळ्याची प्रजाती रंगावरून ओळखत नाहीत. नराच्या तोंडापाशी दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांची घडण प्रत्येक प्रजातीत निराळी. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, तसं. ते अवयव मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि ठरवायचं, हा अमुक, हा तमुक, हा कुणी आजवर न पाहिलेला. पण माणूस चुकतो. एकच प्राणी दोघांच्या हाती लागतो, दोघेही त्याला नवा समजून आपापलं नाव देतात. मग नियम असा की जुनं नाव राहतं आणि नवं खोडलं जातं, ते कितीही मायेने दिलेलं असो. असली दुबार नावं हुडकून खोडण्यात बाईंचा हात कुणी धरत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही येत असे.

एकदा एक निवृत्त प्राध्यापक काठी टेकत त्यांच्या खोलीपर्यंत आले होते. बाईंनी त्यांची एक प्रजाती नुकतीच खोडली होती. म्हातारा वाद घालायला आला नव्हता. "तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला, "फक्त ते माझ्या बायकोचं नाव होतं. ती गेली त्या वर्षी दिलं होतं." बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सर, शास्त्रात नाती नसतात." ते वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे किती तरी दिवस त्या ते लोकांना ऐकवत होत्या.

घरी आई आणि धाकटा भाऊ. भावाला छोटू म्हणत. मिशी आली, नोकरी लागली, तरी छोटूच. लहानपणापासून दम्याने बेजार, पण स्वभावाने असा की दम लागला तरी विनोद करायचा. बाईंनी लग्न केलं नाही, त्यानेही केलं नाही. आई म्हणायची, "एकीला कोळी पुरले, दुसऱ्याला श्वास पुरेना." असं म्हणून स्वतःच हसायची.

ज्या वर्षी बाईंना दूरच्या जंगलात जायची परवानगी मिळाली, त्या वर्षी छोटूचा दमा उसळला होता. आई म्हणाली, "या वेळी नको जाऊस. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही." बाई जरा घुटमळल्या. पण अशी परवानगी हाती यायला वर्षं जातात आणि एकदा हुकली की हुकलीच. छोटूच म्हणाला, "जाऊ दे गं तिला. मी काय पळून चाललोय?"

तिथे फोन लागत नव्हता. बाई ओल्या पाल्यात पालथ्या पडून कोळी शोधत होत्या आणि इकडे छोटू गेला. त्या परत आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालेलं होतं. तिने बाईंच्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"काय आणलंस?"

बाईंना काही समजेना.

"एवढी गेलीस. काय आणलंस ते दाखव तरी."

आणि बाईंनी, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून असेल किंवा जन्माची सवय म्हणून असेल, खरोखरच कुपी काढून दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढा एक नर. आईने ती कुपी उजेडाकडे धरली, नीट पाहिली आणि परत दिली. "एवढंच?" म्हणाली.

त्या एका शब्दाचं उत्तर द्यायला बाई वर्षभर खपल्या. तो नर कुठल्याच पुस्तकात सापडेना. त्याची किल्ली कुठल्याच माहीत असलेल्या नराशी जुळेना. शेवटी त्यांनी तो नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केला आणि नाव दिलं छोटूचं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, मागे लॅटिनचं शेपूट. ज्या दिवशी तो अंक छापून आला, त्या दिवशी त्या कामावरून लवकर घरी गेल्या आणि आईला त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ. आता जगात जो कुणी कोळ्यांचा अभ्यास करील, त्याला आपल्या छोटूचं नाव घ्यावंच लागेल. आपण गेलो तरी."

आईला ती लिपी वाचता येत नव्हती. पण त्या अक्षरांवरून तिने इतक्या वेळा बोट फिरवलं की ती तिला ओळखीची झाली. त्या दिवसापासून आई बाईंशी पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली. जी आई आयुष्यभर केरसुणी घेऊन जळमटांच्या मागे लागली होती, ती आता छोटूच्या खोलीतल्या कोपऱ्यांना हात लावू देईना. संग्रहालयाने दर्शनी दालनात त्या कोळ्याचं मोठं चित्र लावलं, खाली नावाची पट्टी. आई दर महिन्याला तिकीट काढून ते पाहायला जायची. मुलगी तिथलीच असून तिकीट काढायची, कारण म्हणे फुकटात पाहिलं तर मान राहत नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग संग्रहालयाच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीमागे, पुरुषांच्या मुतारीच्या भिंतीला, बाईंना एक मादी दिसली. मादी अगदी साधी, सगळ्यांच्या ओळखीची. तिला कुणा परदेशी साहेबाने बाईंच्या आजीच्याही जन्माआधी नाव दिलेलं. तिचा नर मात्र कुणी पाहिलेला नव्हता आणि पाहायची कुणाला गरजही वाटली नव्हती. बाईंनी तिच्या अंड्यांची पिशवी उचलून खोलीत आणली, सहज, हाताला काम म्हणून. पिल्लं फुटली. एकमेकांना खातात म्हणून एकेकाला वेगळ्या नळीत ठेवलं, बारीक माश्या खाऊ घातल्या. नर आधी वयात येतात. पहिला नर शेवटची कात टाकून बाहेर आला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि बाईंना तो ओळखीचा वाटला.

त्यांनी कपाटातून छोटूची कुपी काढली आणि दोघांना मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवलं. पाहायची खरं तर गरज नव्हती. तरी त्या पाहत राहिल्या. किल्ली तीच. काटा तोच, वळण तेच, टोकाची बारीक खाच तीच. म्हणजे छोटूचा कोळी याच साध्या मादीचा नर होता, आणि छोटूच्या नावाची प्रजाती जगात कधी नव्हतीच. जो प्राणी आणायला त्या भावाला टाकून जंगलात गेल्या होत्या, तो त्यांच्या खोलीपासून चार पावलांवर मुतारीच्या भिंतीला राहत होता. हे कळल्यावर बाई खुर्चीत बसून हसल्या. झाडूवाल्याने दारातून आत डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेला.

नळ्यांतले नर एकेक करून मरत होते, तेवढंच त्यांचं आयुष्य असतं. ते फेकून दिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यांना तो काठी टेकत आलेला म्हातारा दिसायला लागला. त्याला जे सांगितलं ते खरं असेल तर छोटूलाही लागू होतं, आणि खोटं असेल तर मग आपण त्या माणसाशी नीचपणा केला. दोन्हीतलं एकही त्यांना गिळता येईना.

शेवटी बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे विभागप्रमुख, वार्षिक अहवाल लिहिणारे.

"कोण तपासणार आहे, मॅडम?" साहेब म्हणाले. "हे समजणारी माणसं जगभरातून गोळा केली तरी एका टेबलाभोवती बसतील. आणि आपल्याला अहवालात प्रजाती वाढवायच्या असतात. तुम्ही कमी करायला निघालात."

"चूक आहे ती, साहेब."

"चूक तर चूक. पण तुमच्या भावाचं नाव आहे त्यावर. निदान आईचा तरी विचार करा."

साहेब जन्मात एकदाच योग्य बोलले असतील, ते तेव्हा. पण बाईंना त्यांचा इतका तिटकारा होता की ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकताच बाईंचं मन उलट घट्ट झालं. त्यांनी अर्ध्या पानाचं टिपण लिहून पाठवून दिलं. ते छापूनही आलं. कुणी वाचलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. आईला सांगायचं त्या आज-उद्या करत राहिल्या. दालनातली पट्टी बदलायला वर्षं लागतील, तोवर बघू, असा त्यांचा हिशेब.

साहेबांनी मात्र या एका बाबतीत तत्परता दाखवली. पाहणीला वरचे लोक येणार होते, आणि चुकीची पट्टी राहायला नको होती.

एका दुपारी तिकीट खिडकीवरून फोन आला. "मॅडम, तुमच्या आई आल्यात. जरा या. आवाज चढलाय त्यांचा."

आईबरोबर मावशी होती. मावशी खूप वर्षांनी आली होती आणि आई तिला छोटूचं नाव दाखवायला घेऊन आली होती. चित्र तेच होतं. खाली पट्टी नवी.

"बरं झालं, आलीस," आई म्हणाली. "सांग बाई यांना. छोटूचं नाव कुणीतरी पुसलंय. दुसरंच काहीतरी लिहिलंय. हा खिडकीवरचा मुलगा म्हणतो, मला माहीत नाही. तू विचार साहेबांना, कुणी केलं हे."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. साहेबांवर ढकलता आलं असतं, आणि आईने डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"मी," त्या म्हणाल्या.

"काय मी?"

"मीच काढलं, आई. तो निराळा कोळी नव्हता. माझी चूक झाली होती. त्याला आधीच नाव होतं."

मावशीने आईचा दंड धरला. रांगेतली माणसं दुसरीकडे बघायला लागली.

"तेव्हा तू घरी नव्हतीस," आई हळूच म्हणाली. "म्हणून मी मनाला समजावलं. नव्हती बिचारी, काय करणार. आता तर होतीस ना?"

बाईंकडे शास्त्र होतं, नियम होता, मायक्रोस्कोपखालची खाच होती. त्यांतलं काहीही त्या तिकीट खिडकीपाशी उपयोगाचं नव्हतं. आई मावशीचा हात धरून निघून गेली. आपण बरोबर केलं हे बाईंना तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. त्याने त्यांना एक दिवसही बरं वाटलेलं नाही.

त्यानंतर आईने भांडण काढलं नाही. रडली नाही, अबोलाही धरला नाही. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, दार लावून घ्या. "घ्या" म्हणायची, जसं परक्या बाईला म्हणतात. बाईंना पहिल्यांदा वाटलं, रागाने म्हणत असेल, जाईल राग. राग नव्हताच, म्हणून तो गेलाही नाही. छोटूच्या खोलीतले कोपरे आईने एका सकाळी स्वतःच स्टुलावर चढून स्वच्छ झाडून काढले.

आता बाई निवृत्त आहेत आणि आई खूप थकली आहे. मागच्या थंडीत तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाई रोज उशापाशी बसत, तिला भरवत, कूस बदलून देत. नवी नर्स बोलकी होती. सुई टोचताना लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिने विचारलं, "आजी, मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगा होता," आई म्हणाली. "तो गेला."

"अगं बाई! आणि मग या कोण?"

आईने मान वळवून बाईंकडे पाहिलं. तिला नीट दिसत होतं, नीट आठवतही होतं.

"त्या ना? त्या म्युझियममध्ये होत्या. कोळी बघायच्या."

नर्सला वाटलं, शेजारच्या असतील. "नशीबवान आहात, आजी," ती म्हणाली, "एवढं करणारा शेजार कुणाला मिळतो हल्ली?" आईने डोळे मिटून घेतले. बाईंनी चादर नीट केली.